आता आपलं नाटक कोण बसवणार?

थंडी पडू लागली की शाळेत एक वेगळंच वारं शिरतं. व्हरांड्यात कुणीतरी हातवारे करत संवाद पाठ करत असतं, शेजारच्या वर्गातून ढोलकी ऐकू येते, आणि गणिताच्या तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघत बसतो. बरोबर ओळखलंत! स्नेहसंमेलन जवळ आलेलं असतं.

आमच्या पनवेलच्या शाळेतही हेच चाललं होतं. माझ्या चौथीच्या वर्गाने नाटक घेतलं होतं भोपळ्यातल्या म्हातारीचं. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत भेटणारे कोल्हा आणि वाघ, आणि परतीच्या वाटेवर टुणटुण उड्या मारत पळणारा भोपळा. ही गोष्ट तुमच्या आजीच्या आजीलासुद्धा पाठ असेल! पण आमच्या मुलांनी तिला चक्क पनवेलची करून टाकली. म्हातारी निघते पनवेलहून, लेक दिलेली पेणला, आणि मधलं जंगल म्हणजे कर्नाळ्याचं. मागच्या पडद्यावर कर्नाळा किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळकाही रंगवला होता.

नाटक बसवत होती वर्गातलीच एक मुलगी. वय वर्षं साडेनऊ, पण तालमीत तिचा दरारा असा, की वाघसुद्धा तिला विचारून डरकाळी फोडायचा. मी आपली कोपऱ्यात खुर्ची टाकून वह्या तपासायची.

स्नेहसंमेलनाला बारा दिवस उरले असताना एका सकाळी ती रडतच वर्गात आली. तिचे बाबा रेल्वेत नोकरीला. त्यांच्या बदलीचा हुकूम आला होता आणि चार दिवसांत सामान बांधायचं होतं.

सगळा वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून हळूच प्रश्न आला, "बाई, आता आपलं नाटक कोण बसवणार?"

तीन नावं आणि एक भांडण

मधल्या सुट्टीपर्यंत तीन नावं पुढे आली.

पहिलं नाव माझंच! "बाई, तुम्हीच बसवा ना. तुम्हाला सगळं येतं." दुसरं नाव म्हातारीचं काम करणाऱ्या मुलीचं. तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते. कोण कुठून येतो, कुठे वळतो, सगळं तिच्या तोंडावर. तिसरं नाव ऐकून मात्र सगळे हसले. तो होता पडदा ओढणारा मुलगा. बोलायला अगदी कमी. नाटकात त्याला एकही वाक्य नव्हतं. त्याचं नाव सुचवलं होतं ते जाणाऱ्या दिग्दर्शिकेनेच.

झालं, लागलं भांडण! मी फळ्यावर डस्टर आपटून म्हटलं, "थांबा. हा प्रश्न जगात फक्त आपल्यालाच पडलेला नाही. मोठमोठ्या नाटकवाल्यांना आणि सिनेमावाल्यांनाही पडला आहे. त्यांनी काय केलं ते आधी बघू या, मग आपलं ठरवू."

तुम्ही म्हणाल, दिग्दर्शक बदलला म्हणून एवढं काय बिघडतं? गोष्ट तीच, नट तेच, संवादही तेच! पण तसं नसतं बरं का. म्हातारी घाबरत घाबरत जंगलात शिरते की गाणं म्हणत शिरते? वाघ क्रूर आहे की नुसता भुकेला? कुठे हसायचं, कुठे श्वास रोखायचा, कुठे दिवे मंद करायचे? हे सगळं दिग्दर्शक ठरवतो. डाळ तीच, मसाला तोच, तरी आईच्या आणि काकूच्या आमटीची चव वेगळी लागते ना? तसंच हे. आणि गोष्ट चेटकिणींची, राक्षसांची, बोलणाऱ्या प्राण्यांची असली, तर काम आणखीनच अवघड. ते जग कुणी पाहिलेलंच नसतं. ते आधी दिग्दर्शकाच्या डोळ्यांना दिसावं लागतं, तेव्हा कुठे आपल्याला दिसतं.

चेटकीण तीच, दिग्दर्शक नवा

सुरुवात आपल्या घरापासून करू. 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. ते लिहिलं रत्नाकर मतकरी यांनी. मतकरी बँकेत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात लिहीत, चित्रं काढत, मुलांसाठी नाटकं बसवत. पत्नी प्रतिभाताईंच्या साथीने त्यांनी 'बालनाट्य' नावाची संस्था वर्षानुवर्षं चालवली. या नाटकातली चिंची चेटकीण त्या काळी दिलीप प्रभावळकर करत. हो, तेच ते, 'चौकट राजा' आणि 'हसवाफसवी'मधले! ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. माझ्या आईने मात्र तो प्रयोग पाहिला होता.

पुढे २०१८ साली हे नाटक नव्याने रंगमंचावर आलं. लेखक तेच, गोष्ट तीच. पण दिग्दर्शक नवा, चिन्मय मांडलेकर. चेटकीणही नवी, वैभव मांगले. विचार करा, केवढं मोठं धाडस! ज्या आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनी लहानपणी पहिली चिंची पाहिली होती, तेच आता मुला-नातवंडांचा हात धरून नाट्यगृहात येणार. म्हणजे प्रत्येक रांगेत एकेक परीक्षक बसलेला!

आपल्या पनवेलच्या आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात मी आईला घेऊन गेले होते. (फडके आपल्या तालुक्यातल्या शिरढोणचे, हे ठाऊक आहे ना?) पडदा वर जाईपर्यंत आई म्हणत होती, "प्रभावळकरांची सर कुणाला यायची नाही." मध्यंतरात मात्र तिने पुढच्या रांगेतल्या मुलांकडे बोट दाखवलं. ती मुलं खुर्चीवर उभी राहून चेटकिणीला ओरडून उत्तरं देत होती. आई म्हणाली, "आम्हीही असंच ओरडत होतो."

मला वाटतं, सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. नव्या दिग्दर्शकाने जुन्या चेटकिणीची नक्कल करायची नव्हती. प्रेक्षागृहातल्या मुलाला खुर्चीवर उभं करायचं होतं. वेश बदलला, दिवे बदलले, नट बदलले, पण मुलांचा आरडाओरडा तोच राहिला.

मतकरी २०२० साली गेले. पण त्यांची गोष्ट थांबली नाही. २०२४ मध्ये 'अलबत्या गलबत्या'वर त्रिमिती चित्रपट काढण्याची घोषणा झाली, आणि दिग्दर्शक म्हणून आणखी एक नवं नाव पुढे आलं, वरुण नार्वेकर. म्हणजे एकाच चेटकिणीला तिसरा दिग्दर्शक!

तिघांच्या हातून गेलेला चित्रपट

चित्रपटाचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी हकीकत सांगते. ही काही जादूची गोष्ट नाही, इतिहासातली आहे. पण आपल्या प्रश्नाला अगदी लागू पडते.

पुण्याची 'प्रभात फिल्म कंपनी' एके काळी देशभर गाजलेली. तिचे नामवंत दिग्दर्शक व्ही. शांताराम १९४२ साली कंपनी सोडून गेले. त्यानंतर १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' पडद्यावर आला. पेशव्यांनाही न घाबरता निकाल देणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, त्यांची ही गोष्ट. या एका चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून तीन नावं जोडलेली आहेत: गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने. जागीरदारांनी तर रामशास्त्र्यांची भूमिकाही केली.

तीन माणसं म्हणजे तीन स्वभाव. मग चित्रपटाची गोधडी का झाली नाही? कारण गोष्टीचा कणा पक्का होता. खरं ते बोलायचं, समोर कुणीही असो. कोण सांगतो आहे ते बदललं, पण काय सांगायचं ते बदललं नाही.

हॅरी, रॉन, हर्मायनी आणि निबंध

आता थोडं लांब, इंग्लंडला जाऊ. हॅरी पॉटर तुमच्या ओळखीचा आहेच. त्याचे पहिले दोन चित्रपट, २००१ आणि २००२ सालचे, ख्रिस कोलंबस यांनी केले. दोन्ही तुफान चालले. पण लागोपाठ एवढं मोठं काम करून कोलंबस थकून गेले होते. घरी स्वतःच्या मुलांशी बोलायला वेळ उरत नव्हता. त्यांनी ठरवलं, तिसरा चित्रपट मी करणार नाही. निर्माता म्हणून मात्र ते सोबत राहिले.

निवड झाली मेक्सिकोच्या अल्फोन्सो क्वारोन यांची. गंमत म्हणजे त्यांनी हॅरी पॉटरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं! आपल्याला असं काम देऊ करत आहेत, हे त्यांनी मित्राला सांगितलं. तो मित्र म्हणजे दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो. पुस्तकं वाचलेली नाहीत हे कळल्यावर मित्राने त्यांची चांगलीच हजेरी घेतली आणि आधी दुकानात जाऊन पुस्तकं आणायला लावली. क्वारोन यांनी ती वाचली आणि मगच होकार दिला. मोठ्यांनाही गृहपाठ चुकत नाही, बघा!

मग त्यांनी गृहपाठ दिला मुलांना. हॅरी, रॉन आणि हर्मायनी झालेल्या तिघांना सांगितलं, आपापल्या पात्रावर निबंध लिहून आणा. हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनने पानंच्या पानं लिहून आणली. हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफने आणलं एक पान. आणि रॉन झालेल्या रूपर्ट ग्रिंटने? काहीच नाही! त्याचं म्हणणं, रॉननेही लिहिला नसता. सांगा पाहू, तिघांतलं कुणाला आपलं पात्र कळलं होतं? माझ्या मते तिघांनाही! (पण हे कारण तुम्ही तुमच्या बाईंना सांगू नका.)

तिसरा चित्रपट २००४ साली आला. तो आधीच्या दोघांपेक्षा वेगळा दिसत होता. मुलं मोठी झाली होती, म्हणून चित्रपटही थोडा गंभीर झाला. आठही चित्रपटांत सर्वांत कमी कमाई याच चित्रपटाची झाली. पण चांगल्या चित्रपटांची निवड करणारे जाणकार या मालिकेत त्यालाच बहुतेक वेळा वरचा नंबर देतात. पुढे माईक नेवेल आले, मग डेव्हिड येट्स. आठ चित्रपट, चार दिग्दर्शक. गोष्ट मात्र एकाच मुलाची.

घाईत सापडलेला हॉबिट

सगळ्यांनाच असं साधतं असं नाही हं. टोल्किन यांचं 'द हॉबिट' हे पुस्तक १९३७ साली निघालं. त्यात आखूड उंचीचा, घरकोंबडा बिल्बो आहे, खजिन्यावर पहारा देणारा ड्रॅगन आहे. त्यावर चित्रपट काढायचा ठरला आणि २००८ साली दिग्दर्शक नेमले गेले. कोण माहीत आहे? क्वारोनना पुस्तकं वाचायला लावणारे तेच देल तोरो! ते न्यूझीलंडला जाऊन राहिले. चित्रं, आराखडे, राक्षसांची रूपं, सगळी तयारी चालली. पण चित्रपट कंपनी पैशांच्या अडचणीत आली आणि चित्रीकरणाची तारीख काही ठरेना. दोन वर्षं वाट पाहून २०१० मध्ये त्यांनी काम सोडलं.

आता कोण? सगळ्यांच्या नजरा वळल्या पीटर जॅक्सन यांच्याकडे. टोल्किन यांच्याच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर त्यांनी तीन चित्रपट केले होते आणि तिसऱ्याला ११ ऑस्कर मिळाले होते. 'हॉबिट'चे निर्मातेही तेच. यांच्याहून योग्य माणूस कोण असणार? त्यांनी काम हाती घेतलं. मध्येच ते आजारी पडले, शस्त्रक्रिया झाली, आणि मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरू झालं. चित्रपट पूर्ण झाले, लोकांनी गर्दीही केली. पण पुढे जॅक्सन यांनी स्वतःच मोकळेपणी सांगितलं, की आपल्याला तयारीला पुरेसा वेळ मिळालाच नाही. आदल्या दिग्दर्शकाने कल्पिलेलं जग त्यांना जसंच्या तसं वापरता येत नव्हतं, आणि स्वतःचं उभं करायला दिवस नव्हते.

म्हणजे योग्य माणूस निवडला की काम संपलं असं नाही. त्याला वेळही द्यावा लागतो.

मग आमच्या वर्गात काय झालं?

हे सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "आता बोला, कोण?"

माझं नाव मुलांनी आपण होऊनच मागे घेतलं. एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही बसवलंत तर ते तुमचं नाटक होईल." खरं सांगू? मला जरा लागलं. कारण मनातून मला ते हवंच होतं. बारा दिवस राहिलेले, पालक येणार, मुख्याध्यापक बसणार. आपण हातात घेतलं म्हणजे काळजी मिटली! पण ती काळजी माझी होती. नाटक मुलांचं होतं.

उरले दोघं. मुलांनीच परीक्षा ठरवली. संवाद म्हणायचे नाहीत, हावभाव करायचे नाहीत. फक्त गोष्ट सांगायची आणि तिच्यातलं आपल्याला काय आवडतं ते सांगायचं.

म्हातारी झालेल्या मुलीने प्रत्येक प्रवेश बिनचूक सांगितला. "इथे ती असं करायची, इथे ती तसं सांगायची." ती म्हणजे जाणारी मैत्रीण. पण स्वतःला काय आवडतं, हे विचारल्यावर ती थांबली.

पडदेवाला उभा राहिला. बराच वेळ बोलेचना. मग म्हणाला, "म्हातारी वाघाला सांगते की मी लेकीकडून परत येते. नंतर ती त्याच वाटेने परत येते. तिला दुसऱ्या वाटेने जाता आलं असतं."

"मग ती घाबरत नव्हती का?" कुणीतरी विचारलं.

"घाबरत होती ना. म्हणून तर भोपळ्यात बसली."

इतकी वर्षं मी ही गोष्ट शिकवते आहे, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घाबरायचं, पण आपली वाट बदलायची नाही. ही आहे ती म्हातारी!

मुलांनी हात वर केले आणि पडदेवाला निवडून आला. म्हातारीचा चेहरा पडला. तेव्हा त्यानेच तिला म्हटलं, "तुला सगळं पाठ आहे. तू माझ्याजवळ बस." जाणाऱ्या मैत्रिणीने आपली तालमीची वही त्या दोघांच्या हातात दिली आणि ती गेली. मी माझ्याकडून एकच गोष्ट दिली, वेळ. रोजचा शेवटचा तास आणि मधला रविवार.

स्नेहसंमेलनात सगळं सुरळीत पार पडलं असं समजू नका. दोन मोठ्या टोपल्यांना नारिंगी कागद चिकटवून केलेला आमचा भोपळा विंगेतच अडकला! आतली म्हातारी एक क्षण थांबली. मग तिने भोपळा दोन्ही हातांनी कमरेपर्यंत उचलला आणि आपल्या पायांनी तुरुतुरु चालत रंगमंच ओलांडला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाघ मात्र आता हसवणारा नव्हता. नव्या दिग्दर्शकाने त्याला खरोखरच भुकेला केला होता. पहिल्या रांगेतली बालवाडीची दोन मुलं रडली, त्यांना बाहेर न्यावं लागलं. वाघाला थोडा सौम्य करायला हवा होता. तेवढे दिवस मिळाले नाहीत.

नाटकाचं चित्रीकरण आम्ही मोबाईलवरून त्या दूर गेलेल्या मैत्रिणीला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "बाई, वाघ मी सांगितला होता तसा नाही केला." मी काही बोलणार, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "पण हा जास्त वाघासारखा आहे."

जाता जाता

पालकांनो, मुलांच्या नाटकात, प्रकल्पात, किल्ल्यात आपला हात फार लवकर पुढे होतो. माझाही होतो. पुढच्या वेळी तो मागे घेऊन पाहा. काम थोडं वेडंवाकडं होईल, पण मुलांचं होईल.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक खेळ. तुमच्या आवडीची एखादी जादूची गोष्ट घ्या. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तू या गोष्टीवर सिनेमा काढलास, तर त्यातली कुठली एक गोष्ट मुळीच बदलणार नाहीस?" आजीला विचारा, बाबांना विचारा, धाकट्या भावालाही विचारा. सगळ्यांची उत्तरं वहीत लिहून काढा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं की नाही बघा! मग ज्याचं उत्तर ऐकून तुम्हाला ती गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटेल, तो तुमच्या घरातला दिग्दर्शक.

तो कदाचित कोपऱ्यात उभा राहून पडदाच ओढत असेल!